चौथी हाक

उत्तमरावनं मला तीन वेळा हाक मारली आणि तिन्ही वेळा मी लिंबाखाली भाकर खात बसून राहिलो. तेव्हा अस्वल त्याचं तोंड फाडत होतं. तो माझ्यापासून दोनशे पावलांवर होता, मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध, आणि त्याचा मका. गावाला हे माहीत नव्हतं. गावानं मला शाल दिली, नारळ दिला, शाळेच्या पोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या, आणि मी हात जोडून फोटो काढून घेतला. आज सांगतो आहे, कारण न सांगता जगून पाहिलं आणि ते मला जमलं नाही.

माझं नाव सुपडा. माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं मला जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि आत्यानं उचलून घरात आणलं. फेकून दिलेल्या पोरावर यमाची नजर जात नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. उकिरड्यावरचा माणूस म्हणून स्वभावही तसाच आहे, असं माझी बायको वंदना म्हणते. तिच्याशी मी या एका बाबतीत भांडत नाही.

उंद्रीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला आमचं शिवार. उत्तमरावचं वावर आणि माझं वावर शेजारी शेजारी, मधे मातीचा धुरा. लहानपणी आम्ही दोघं एकाच शाळेतून एकाच भिंतीवरून पळून जायचो. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्यामुळे भिंतीवर आधी तो चढायचा आणि मला वर ओढायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या ट्रॅक्टरनं नांगरताना धुऱ्याची दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, खाल्ली. मी बोललो, त्यानं माझ्या बापाचं नाव काढलं. मग मी बैल हाकायच्या तुतारीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. समोरचा दात चिखलात पडला. त्यानं तो उचलला, पुसला, खिशात ठेवला आणि मग फावड्याच्या दांड्यानं माझं डोकं फोडलं. मला सात टाके पडले. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला आम्ही दोघं एकाच ऑटोतून गेलो, कारण गावात त्या दिवशी एकच ऑटो होता. वाटभर रक्त पुसत बसलो, पण शब्द बोललो नाही. तेव्हापासून बोलणं बंद ते बंदच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आमचा तर सुंभही जळायला तयार नव्हता.

आता भोंग्याचं सांगतो. डोंगरातून आमच्याकडे रानडुकरं येतात, माकडं येतात, कणसात दाणा भरला की पोपट येतात. म्हणून प्रत्येक वावरात मचाणावर बॅटरीचा भोंगा असतो. त्यात मेमरी कार्ड घालायचं आणि कुत्र्याचं भुंकणं, माणसाचं हाडहाड लावून द्यायचं. पण डुक्कर काही माणसासारखं खुळं नसतं. आठ दिवसांत त्याला कळतं की हे कुत्रं रोज तेच भुंकतं आणि चावायला कधी येत नाही. मग ते भोंग्याखाली बसूनच कणसं खातं.

उत्तमरावची लेक सुचिता. बायको गेल्यावर त्यानं तिला एकट्यानं वाढवली. ती चिखलीला एका वाचनालयात कामाला आहे आणि रविवारी घरी येते. वाचनालयातली फाटकीतुटकी जुनी पुस्तकं रद्दीत जायच्या आधी ती उचलून आणायची, आणि त्यातही भुताखेतांची आधी. शाळेत होती तेव्हापासून ती मुगाच्या वावरात बायांना गोष्टी वाचून दाखवायची. बाया शेंगा तोडायच्या, ही धुऱ्यावर बसून वाचायची. म्हातारीचा आवाज वेगळा, लेकराचा वेगळा, मेलेल्या माणसाचा तर असा की उन्हात अंगावर काटा यायचा. बायांच्या टोळीची पुढारीण अन्नपूर्णाबाई, तिला रक्ताशिवाय गोष्ट गोड लागत नसे. एका गोष्टीत सून सासरच्यांची हाडं उखळात कुटते, तिथं अन्नपूर्णाबाई हात थांबवून विचारायची, "पह्यलं सासूचं कुटलं का सासऱ्याचं? नीट सांग वं पोरी." आणि सासूचं म्हटलं की समाधानानं पुढची शेंग तोडायची. गोष्ट जितकी वाईट तितका मूग लवकर तोडून व्हायचा.

एकदा सुचितानं तीच उखळाची गोष्ट मोबाइलवर वाचून भरली आणि उत्तमरावनं कार्ड भोंग्यात घातलं. महिनाभर त्याच्या वावरात डुक्कर आलं नाही. कारण सरळ आहे. गोष्टीत कोण कधी किंचाळेल याचा पत्ता ऐकणाऱ्याला नसतो, मग तो डुक्कर का असेना. त्यानंतर उत्तमरावचा भोंगा दिवसाही सुरू झाला, माकडांसाठी. आणि दुपारच्या भाकरीला सगळं शिवार आपापल्या झाडाखाली बसून भुतं ऐकायला लागलं. भोंगा सुरू झाला की आधी सुचिताचा आवाज यायचा, "बसले का सगळे? मग ऐका." मी ऐकत नसे. माझ्या कानावर पडत असे. एवढं कानावर पडलं की सगळ्या गोष्टी मला तोंडपाठ झाल्या, पण त्या मी ऐकल्या नव्हत्या.

मग 'खुणेचा दगड' आली. जुनी गोष्ट आहे. जमीन मोजणारा एक साहेब लबाडीनं हद्दीचा दगड उपटून पुढं रोवतो, आणि त्या दगडाखाली पुरलेला मूळ धनी रागावतो. मातीतून हात वर येतो आणि साहेबाचा घोटा धरतो. साहेब कमरेपर्यंत जमिनीत ओढला जातो, आत त्याचे पाय कोणीतरी पिळून मोडतं, आणि तो मोजणीची साखळी धरून उभ्या असलेल्या गड्याला तीनदा हाक मारतो. गडी जागचा हलत नाही. पुस्तकात त्या गड्याचं नाव दुसरंच काही होतं. सुचितानं तिथं माझं घातलं. आणि साहेबाचं ओरडणं तिला काही जमेना, तेव्हा तिनं बापाला पुढं केलं. उत्तमरावचा आवाज शिवारात सगळ्यात मोठा.

"सुपड्या, धाव बे," भोंगा ओरडायचा. "सुपड्या, धाव बे. सुपड्या, धाव बे." मग सुचिता शांतपणे वाचायची, "पण सुपडा आला नाही. साखळीचं टोक हातात धरून तो तसाच उभा राहिला."

पहिल्या दिवशी सगळं शिवार हसलं. बाया तर मुगात लोळल्या. अन्नपूर्णाबाई धुऱ्यावरून मला म्हणाली, "जाय ना भाऊ, साहेब बलावून राह्यला." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी दगड उचलून भोंग्यावर भिरकावला, भोंग्याला पोचा पडला, तरी तो ओरडायचा थांबला नाही. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी दुपारी ती गोष्ट लागायची, आणि माझी बारकी नातवंडंसुद्धा जेवताना मला "सुपड्या, धाव बे" म्हणायला लागली. मी मनात म्हणायचो, एक दिवस हा खरंच ओरडेल आणि मी खरंच जाणार नाही.

माणसानं मनातही जपून बोलावं.

भादव्यातला मंगळवार होता. मक्याला दाणा भरला होता. रविवारी सुचिता येऊन भोंग्याचं कार्ड बदलून गेली होती, मी लांबून पाहिलं होतं. माझ्या वावरात अन्नपूर्णाबाईची टोळी मुगाच्या शेवटच्या तोडणीला होती. दुपारी बाया विहिरीजवळ बसल्या, मी लिंबाखाली एकटा. वंदनानं ठेचा, भाकर आणि कांदा बांधून दिला होता. भोंगा लागला. "बसले का सगळे? मग ऐका." खुणेचा दगड. मी थुंकलो आणि कांदा फोडला.

गोष्ट पुढं सरकली. हात वर आला, घोटा धरला, हाडं मोडली. तीन हाका झाल्या. सुपडा आला नाही. बाया हसल्या, सवयीनं. सुचिता पुढं वाचू लागली, साहेबाच्या तोंडात माती कशी भरत गेली ते.

आणि चौथी हाक आली. "सुपड्या, धाव बे."

आवाज तोच. भोंग्याच्याच बाजूनं. मी मनात म्हटलं, आता कळलं रविवारी कार्ड कशाला बदललं. तीन हाकांनी बाप-लेकीचं पोट भरलं नाही, आता वाढवून भरल्या. मी घास मोडून ठेच्यात बुडवला. विहिरीजवळून हसू आलं, कोणीतरी म्हणालं, "आज लयच मारून राह्यला साहेब हाका." पाचवी हाक आली. ती मधेच तुटली. गोष्टीतल्या हाका तुटत नाहीत. मी घास चावत राहिलो.

सहाव्या हाकेचं मला खरं सांगायचं आहे. तिच्यात पाणी होतं, चूळ भरताना माणूस बोलतो तसं. ते भोंग्यातून येणारं नव्हतं. ते मक्यातून येत होतं, आणि मला ते कळलं. मला चांगलं कळलं. तरी मी उठलो नाही. माझ्या डोक्यात आलं, ओरडू दे. इतके दिवस मला सगळ्यांत ओरडून दाखवलं, आता ओरड. पाय घसरून पडला असेल, विळा लागला असेल, बसू दे थोडा वेळ. मी उरलेली अर्धी भाकर उचलली. असा विचार करणारा माणूस मीच होतो, दुसरं कोणी नव्हतं.

मग सातवा आवाज आला आणि त्यात माझं नाव नव्हतं.

"सुचे, इकडे येऊ नको वं माय. मांगं फिर."

भोंग्यात सुचिता वाचत होती. खाली मक्यात पडलेल्या बापाला लेकीचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याला वाटत होतं की ती तिथंच कुठंतरी आहे, चालत त्याच्याकडे येते आहे. त्याला स्वतःला वाचवायला कोणी आलं नव्हतं आणि तो तिला वाचवत होता. माझ्या हातातली भाकर पडली. मी फावडं उचललं आणि धुऱ्यावरून उडी मारली. पळता पळता मी ओरडत होतो, "अस्वल, अस्वल," कारण आमच्या डोंगरात माणसाला असं दुसरं काही करत नाही.

मक्याची दहा-बारा ताटं आडवी झाली होती. उत्तमराव उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवर ते काळं धूड बसलं होतं, मादी, मोठी. तिचं डोकं खाली होतं आणि ती त्याच्या तोंडाशी काहीतरी ओढत होती. मी फावड्याची धार तिच्या पाठीवर घातली. केसांत फावडं रुतलंच नाही. दुसरा घाव मानेवर घातला, तिथं लागला. ती वळली, मागच्या दोन पायांवर उभी राहिली, माझ्याएवढी झाली. तिच्या तोंडाला लाल होतं आणि ते तिचं नव्हतं.

मी फावडं आडवं धरलं. तिनं ते पंज्यानं बाजूला सारलं आणि माझा डावा हात कोपराच्या वर तोंडात घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कापसाच्या वाळल्या पळाटीची काडी मोडते तसा. दुखलं नंतर. उजव्या हातात दांडा होता, त्याचं टोक मी तिच्या नाकावर मारत राहिलो, पाच वेळा, दहा वेळा, मला मोजता आलं नाही. वरून सुचिताचा आवाज येत होता, संथ, एकेक शब्द सुटा. "मातीवर फक्त त्याची टोपी उरली. खुणेचा दगड आपल्या मूळ जागी उभा होता." मी त्या आवाजाला शिव्या देत होतो की अस्वलाला, ते आजही माहीत नाही. डोळ्यावर दांडा बसला तेव्हा तिनं हात सोडला. तोवर अन्नपूर्णाबाई आणि बाया पातेली, डबे, विळे बडवत मक्यात शिरल्या. अस्वल नाल्याच्या बाजूनं निघून गेलं, फार घाई न करता.

उत्तमरावच्या कपाळाची कातडी निघून डोळ्यांवर आली होती. डावा डोळा नव्हता. खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. अन्नपूर्णाबाईनं, जिला गोष्टीतली हाडं मोजून लागायची, तिनं हे पाहिलं आणि ती धुऱ्यावर जाऊन ओकली. मग परत आली, तोंड पुसलं, स्वतःचं लुगडं फाडलं आणि हातानं त्याची कातडी जागेवर बसवून डोकं करकचून बांधलं. "मरू नको उत्तमभाऊ," ती म्हणत होती. "मरू नको, मी हाये अथी."

शेजारच्या वावरातून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत खाट टाकली, चौघांनी त्याला उचललं. कोणालाच भोंगा बंद करायचं सुचलं नव्हतं. गोष्ट संपून पुन्हा सुरू झाली होती. आम्ही त्याला खाटेवर ठेवला आणि तेवढ्यात वरून त्याचाच आवाज आला, धडधाकट, अख्ख्या जबड्याचा. "सुपड्या, धाव बे."

खाटेवर उत्तमरावचा उरलेला डोळा उघडला आणि माझ्याकडे वळला. "सुपड्या, धाव बे," भोंगा म्हणाला. मी मचाणावर चढलो, एका हातानं कसा चढलो ते आठवत नाही. तिसऱ्या हाकेच्या आत फावड्यानं भोंगा फोडला, बॅटरी फोडली, तारा तोडल्या, कार्डाचा चुरा झाला तरी मी मारत राहिलो. मला खाली उतरवायला दोन माणसं चढली. एकाच्या गालावर माझ्या फावड्याचा व्रण अजून आहे.

उत्तमराव वाचला. दीड महिना मोठ्या दवाखान्यात होता. डोळा गेला, जबड्यात पट्टी आणि खिळे बसले, बोलणं गेल्यात जमा. माझ्या हातातही पट्टी आहे, थंडीत ठणकते. गावात मात्र मी मोठा माणूस झालो. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला. अन्नपूर्णाबाई माइकवर म्हणाली, "आमाले वाटलं गोष्टच चालू हाये. आमी हसून राह्यलो होतो. पण या भाऊनं खरा आवाज वळखला." ती रडली. तिला खरंच कळलं नव्हतं, म्हणून तिला रडता आलं. मी पायांकडे पाहत बसलो. शाल घरी आणली आणि वंदनानं ती कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. रोज कपाट उघडलं की ती दिसायची. मी कपाट उघडायचं सोडलं, तेच तेच कपडे घालायला लागलो. वंदना म्हणाली, "तुमाले काय झालं हाये?" मी तिच्यावर ओरडलो.

मार्गशीर्षात हरभरा फुलावर आला आणि डुकरांनी उत्तमरावच्या वावरात धुडगूस घातला. भोंगा नव्हता. नवीन भोंगा कोणीतरी आणून दिला, पण त्यात काय लावायचं? जुनी गोष्ट सुचितानं मोबाइलमधूनही काढून टाकली होती. एका रविवारी दुपारी मी शाल काखेत मारली आणि उत्तमरावच्या घरी गेलो. दोन वर्षं मी त्या गल्लीतून गेलो नव्हतो, लांबच्या वाटेनं जायचो.

तो ओट्यावर उन्हात खाटेवर बसला होता, अर्ध्या तोंडावर उपरणं. सुचिता त्याला चमच्यानं पेज भरवत होती. मला पाहून ती उठली, "या काका" म्हणाली, आणि माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी मागं सरलो. शाल त्याच्या पायाशी ठेवली.

"हे मायं नाई," मी म्हणालो. "तू मले तीन हाका मारल्या. मी तिन्ही ऐकल्या. बसून ऐकल्या. पह्यली मले गोष्टीतली वाटली. दुसरी तुटली तवा शंका आली. तिसरी खरी हाये हे मले कळलं होतं, उत्तमराव. तरी मी भाकर खाल्ली. तू पोरीचं नाव घेतलं तवा उठलो."

सुचिताच्या हातातली वाटी कलंडली. पेज खाटेवरून खाली गळत राहिली. मग उत्तमरावनं उजव्या हातानं मला खूण केली, जवळ ये. मी गेलो, वाकलो. त्यानं माझ्या कानफटात मारली. मी तसाच वाकून राहिलो. त्यानं दुसरी मारली. कानात घुमायला लागलं. तिसरी त्यानं जरा थांबून मारली, मागून हात आणून, सगळ्या जोरानं, आणि ती मारताना त्याच्या खिळे ठोकलेल्या तोंडातून आवाज निघाला. माझा ओठ फुटला. दोन वर्षांपूर्वी एका शब्दावर मी त्याचा दात पाडला होता. आता माझा हात वर झाला नाही, उजवा चांगला होता तरी. तीन हाका, तीन थपडा. चौथी त्यानं मारली नाही.

"नाव मी घातलं होतं काका," सुचिता म्हणाली. ती रडत नव्हती, संतापली होती, माझ्यावर की स्वतःवर ते तिलाच ठाऊक. "तुमचं नाव मी घातलं, बाबांचा आवाज मीच भरला. लोक हसले की मले बरं वाटे. मंग कोणाले म्हणू मी?"

उत्तमरावनं दोन बोटं आपटून तिला गप्प केलं. पाय खाटेवर आखडून घेतले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटला. मी बसलो. मग त्यानं आतल्या फळीकडे बोट दाखवलं, जिथं तिची पुस्तकं होती. मग वावराच्या दिशेनं. मग माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि घास गिळावा तसे दोन शब्द बाहेर काढले.

"तू... ओरड."

सुचितानं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो नाही. तिनं पुस्तक आणलं, मोबाइल खाटेवर उशीशी ठेवला, लाल ठिपका लावला आणि पाणी पिऊन घेतलं. "नाव बदलू का?" तिनं विचारलं. बापानं मान हलवली, नको. ओट्यावर ऊन होतं, माझ्या ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं, ते मी पुसलं नाही. तिनं सुरू केलं, "बसले का सगळे? मग ऐका." तिनं साहेबाला आणलं, दगड उपटला, हात वर आणला. हाडं मोडायला लागली तेव्हा माझा डावा हात आपोआप ठणकला. तिनं वाचणं थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

मला वाटलं होतं हे सोपं आहे. इतक्या वेळा ऐकलं होतं. पण तोंड उघडलं तेव्हा गोष्टीतला साहेब डोळ्यांसमोर आलाच नाही. मक्यात उताणा पडलेला माणूस दिसला आणि लिंबाखाली बसलेला दिसला. मी त्या बसलेल्याला हाक मारली, होता नव्हता तेवढा जीव लावून.

"सुपड्या, धाव बे."

दुसऱ्या हाकेसाठी मी श्वास घेतला आणि गल्लीत पायांचे आवाज आले. आधी दोन, मग दहा. अन्नपूर्णाबाई मुसळ घेऊन ओट्यावर चढली, डोक्यावरचा पदर पडलेला, तिच्या मागं काठ्या, विळे, एकाच्या हातात खाटेचा पाय. वंदना पण होती, अनवाणी. "काय झालं, कोण हाये, कुठी हाये," सगळे एकदम विचारत होते. माझा फुटलेला ओठ पाहून अन्नपूर्णाबाईनं मुसळ वर उचललं आणि मारायला कोणी दिसतं का ते पाहिलं.

उत्तमरावच्या अर्ध्या तोंडातून हसू आलं. सुचितानं मोबाइल उचलला. लाल ठिपका अजून जळत होता, सगळं आत गेलं होतं, पाय, काठ्या, अन्नपूर्णाबाईच्या शिव्या. ती म्हणाली पुन्हा भरू. बापानं तिचा हात धरला आणि मान हलवली. त्यामुळे पुढचं काही वाचलंच गेलं नाही, साहेबाच्या तोंडात माती गेली नाही.

तेच कार्ड भोंग्यात आहे. आमच्या शिवारात ती गोष्ट आता पहिल्याच हाकेला संपते.